एका पानावरचा काला

श्रीहरीबुवांचं कीर्तन असलं की गडचांदूरच्या कॉलनीतल्या बाया पदर हाताशी घेऊनच बसायच्या. रडायची जागा त्यांना पाठ झाली होती. पूर्वरंगात ती यायची नाही. बुवांचं निरूपण बरं असायचं, पण तसं करणारे आणखीही पुष्कळ होते. उत्तररंगात गोकुळ आलं, गवळ्यांची पोरं आली, शिदोऱ्या सुटल्या, की बुवा चिपळ्या खाली करायचे. मृदंगवाल्याकडे न पाहता त्याला हातानंच थांबवायचे आणि हलक्या आवाजात म्हणायचे, "गोकुळ पाह्यलं नाही म्हणता मायबाप? मी पाह्यलं आहे."

मग वैनगंगेकाठचं आंबेटोला उभं राहायचं. तांबडं फुटायच्या आधी मोहफुलं वेचायला निघालेली पोरं. नदीच्या वाळूत हातानं उकरलेले झरे आणि त्यांचं गोड पाणी. अख्ख्या गावात एकच गॅसबत्ती, तिच्याभोवती बसलेला सारा गाव आणि देवाजीबुवांचं कीर्तन. लाइट नाही, रेडिओ नाही, कोणाच्या दाराला कडी नाही. "आणि पलीकडच्या मोहल्ल्यातला वारलू माझा जोडीदार," बुवा म्हणायचे. "सप्ताहाचा काला झाला की आम्ही दोघं एका पळसाच्या पानावर बसायचो. त्याचं उष्टं मी खाल्लं, माझं त्यानं. कोणी विचारलं नाही, कोण कोणाचा. कुठं गेले मायबाप ते दिवस?"

इथं बाया रडायच्या. कारखान्याचे फिटर, वेल्डरसुद्धा नाक ओढायचे. कॉलनीच्या छपरांवर सिमेंटची पांढरी धूळ बसलेली आणि प्रत्येकाच्या मनात आपलं सोडून आलेलं गाव. श्रीहरी स्वतःही रडायचा आणि ते रडणं खोटं नसायचं. दिवसा तो कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजून द्यायचा. पण त्याचा खरा जीव त्या पाच मिनिटांत होता.

शहाऐंशीच्या माघात त्याला आंबेटोल्याहूनच बोलावणं आलं. जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली होती आणि श्रीहरीला गाव सोडून वीस. जुन्या मालगुजारांचा मुलगा गुणवंतराव आता सप्ताह चालवायचा. त्यानं चिठ्ठीत लिहिलं होतं, काल्याचं कीर्तन आपलंच हवं, आणि तो पानाचा प्रसंग राखून ठेवा, आमच्याकडे सगळे त्याबद्दलच बोलतात.

शनिवारी दुपारी तो गावात उतरला. देवळावर भोंगा होता, चौकात हातपंप होता आणि किराण्याच्या दुकानासमोर व्हिडिओच्या खेळाची पाटी लावलेली होती. जुनं काहीच ओळखू येईना, तसा त्याचा जीव आणखीच हळवा झाला. चहा झाल्या झाल्या तो गुणवंतरावाला म्हणाला, "वारलू आहे का हो गावात?"

"वारलू गुरुजी? आहे ना. मुलचेऱ्याकडे शाळेवर आहे. शनिवार-रविवार आईपाशी येते," गुणवंतराव म्हणाला. "त्याच्याकडे काऊन जाता? बोलावून घेऊ ना."

"नाही हो. जोडीदार आहे माझा. मीच जातो."

हे बोलताना त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय हे कळूनही बरंच वाटलं.

पलीकडचा मोहल्ला नाल्याच्या पल्याड. वारलूचं घर आता विटांचं होतं. ओसरीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, आणि खाली सुपात तांदूळ निवडत बसलेली त्याची आई सुगंधाबाई. वारलू खुर्चीवर वह्या तपासत होता. डोक्यावरचे केस मागे सरकलेले, चश्मा लागलेला.

"या महाराज," तो म्हणाला.

"महाराज काऊन म्हणते बे? श्रीहरी म्हण."

"गावभर कागद चिपकवले आहेत तुमचे. ह.भ.प. लिहून आहे. मी कसा श्रीहरी म्हणू?" वारलू उठला आणि त्यानं खुर्ची पुढे सरकवली. "बस. आई, चहा ठेव. श्रावण पाटलाचा श्रीहरी आला."

"थो श्रीहरी का," सुगंधाबाई म्हणाली आणि सूप बाजूला ठेवून आत गेली.

चहा देऊन सुगंधाबाई पुन्हा सुपाशी बसली. श्रीहरीनं तो पहिल्या घोटापासून मोठा आवाज करत प्यायला. आपण इथं पितो आहोत, हे कोणाला तरी दिसावं असं त्याला वाटत होतं. पण पाहायला कोणी नव्हतं, आणि वारलूला त्याचं काही नव्हतं. तो त्याच्या शाळेचं सांगत होता. बंगाली वस्तीतली पोरं होती सगळी. "मी त्यांइले मराठी शिकवून राह्यलो, ते मले बंगाली शिकवून राह्यले. परीक्षा घेतली तर मी नापास."

श्रीहरी हसला. मग म्हणाला, "उद्या काल्याले ये. समोर बस. चौदा वर्षं झाली, कीर्तनात तुझं नाव घेऊन राह्यलो."

"माझं? काय केलं मी?"

आणि श्रीहरीनं सांगितलं. सांगता सांगता आवाज आपोआप चढला, हात हवेत ताल धरू लागला. मोहफुलं, झरे, गॅसबत्ती, एक पान, दोघांचं उष्टं. तो थांबला तेव्हा सुपातला सुगंधाबाईचा हात थांबला होता. वर्गातल्या पोरानं चुकीचा पाढा म्हणावा आणि मास्तरानं तो शेवटपर्यंत म्हणू द्यावा, तसं वारलू ऐकत होता.

"एका पानावर," वारलू म्हणाला.

"हो ना."

"कोनत्या साली?"

"साल कुठं ध्यानात राह्यते. नऊ-दहाचे असू आपण."

"नऊचे. मी एकदाच आलो होतो काल्याले. पानापर्यंत नाई पोचलो श्रीहरी. मडक्यापर्यंत पोचलो." वारलूनं चश्मा काढून पुसला. "देवाजीबुवानं कीर्तनात सांगितलं, काल्यात शिवाशीव नाई, ज्याले भूक आहे त्यानं यावं. मी झाडाखाली बसून ऐकत होतो. मले वाटलं, मलेच बोलावलं. म्हणून आलो आन मडक्यात हात घातला. आवाज कोनी दिला, ध्यानात आहे का?"

"कोणी?" श्रीहरीनं विचारलं, आणि विचारतानाच त्याला ते कळलं.

सुगंधाबाई खालीच पाहत म्हणाली, "चांगला आवाज होता गा तुझा. तवापासूनच."

मग सगळंच वर आलं. दही-लाह्यांत बुडालेला एक काळा, बारका हात. आपलाच आवाज, देवळाच्या घुमटापर्यंत गेलेला. यानं शिवलं, यानं मडकं शिवलं. सगळी मंडळी उठून उभी राहिली होती. मडकं गोठ्यामागच्या खड्ड्यात ओतलं गेलं. वारलूच्या बापाला शेतातून बोलावून आणलं, आणि देवळाच्या पायरीसमोर मातीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत नाक घासायला लावलं. तो गुडघ्यांवर सरकत होता आणि लोक मोजत होते. देवाजीबुवा खाली मान घालून टाळ पिशवीत भरत राहिले. एका पिशवीत टाळ भरायला माणसाला किती वेळ लागतो? पण ते भरतच राहिले. मग नवा काला झाला, आणि मालगुजारांनी श्रीहरीला जवळ घेऊन अर्धा नारळ दिला होता. म्हणाले होते, हा पोरगा देवाचा आहे.

"मी लहान होतो रे," श्रीहरी म्हणाला.

"मीही," वारलू म्हणाला.

श्रीहरी उठला. वारलू नाल्यापर्यंत सोबत आला. "मी उद्या येत नाई. राग नाई माझा. मी जातच नाई तिथी. पन माझं नाव घेते तर खरं घे. नाईतर सोड. दुसऱ्या कोनाचं घे. गोकुळात पोट्टे गंज आहेत, काई तोटा नाई."

गुणवंतरावाच्या घरी जेवायला पुरणपोळी होती. श्रीहरीनं दोन घास खाल्ले आणि प्रवासाचा शीण म्हणून तो आडवा झाला. हे खोटं आपण कधी रचलं, ते तो मागे मागे जाऊन शोधू लागला. राजुऱ्याच्या पहिल्या कीर्तनात त्यानं एवढंच म्हटलं होतं, आमच्या गावात वारलू नावाचा पोरगा होता, त्यालाही काल्याचा सोस होता. बाया हळहळल्या. पुढच्या गावी वारलू थोडा जवळ आला. त्याच्या पुढच्या गावी शेजारी बसला. मग केव्हातरी दोघांमध्ये पान आलं. जिथं लोकांचे डोळे ओले झाले तिथं श्रीहरी थांबला, जिथं झाले नाहीत तिथून पुढे सरकला. असं करत करत ऐकणाऱ्यांनी आणि त्यानं मिळून एक बालपण घडवलं, आणि त्या बालपणासाठी तो खरोखर झुरत होता. कोरपन्यात एकदा एका बाईनं त्याच्या पायावर डोकं ठेवून म्हटलं होतं, महाराज, असं गाव आम्हाला का नाही मिळालं? त्यानं तिला आशीर्वाद दिला होता. ते आठवून त्यानं कूस बदलली आणि तोंडावर पांघरूण ओढलं.

रविवारी दहा वाजता मांडव भरला. काल्याचं मडकं दोरीला बांधून वर चढवलेलं होतं. गळ्यात हार घालताना गुणवंतराव कानाशी म्हणाला, "पानाचं विसरू नका बुवा. चामोर्शीहून पाहुणे आले आहेत मुद्दाम."

श्रीहरीनं रात्री ठरवलं होतं, की तो भाग गाळायचा. गोकुळ सांगायचं आणि गोकुळातच थांबायचं. खोटं नको आणि उघडंही पडायला नको. पूर्वरंग नीट झाला. अभंगाचं एकेक चरण सोडवताना त्याला नेहमीची गोडी लागली, झांजा बरोबर पडत होत्या, देव जवळ असल्यासारखा वाटत होता. उत्तररंगात शिदोऱ्या सुटल्या. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याचा हात आपोआप वर गेला आणि मृदंग थांबला. तोंडातून शब्द निघून गेले, "गोकुळ पाह्यलं नाही म्हणता मायबाप? मी पाह्यलं आहे."

बायांनी पदर सावरले.

श्रीहरी गप्प उभा राहिला. लोकांना वाटलं, बुवांना भरून आलं. भोंग्यातून नुसती खरखर येत होती.

"मी नाही पाह्यलं," तो म्हणाला. "मी खोटं सांगत आलो. या गावात असं पान नव्हतं."

आणि त्यानं ते सांगितलं. हात सांगितला, आवाज सांगितला, तो आवाज माझा होता म्हणून सांगितलं. मडकं ओतलं ते सांगितलं, वारलूच्या बापाला नाक घासायला लावलं ते सांगितलं. पहिली काही वाक्यं अडखळत, कोरडी गेली. मांडवात चुळबुळ झाली, मागे एक म्हातारा उठून बाहेर गेला. पण "गुडघ्यांवर सरकत होता" म्हणताना त्याचा आवाज नेहमीच्या पट्टीवर गेला. मृदंगवाल्याला वाटलं आपल्याला खूण झाली, त्यानं हलकेच बोटं टाकली. एक बाई हुंदकली, मग दुसरी. श्रीहरीला ती ओळखीची ऊब अंगावर येताना जाणवली. मांडव आपल्या मुठीत आला की येते ती. त्याला वाटलं आता गप्प बसावं. पण तो गप्प बसला नाही, शेवटपर्यंत सांगत गेला, आणि शेवट फार चांगला झाला.

नंतर पायावर डोकी ठेवायला रांग लागली. एक तरणा गडी म्हणाला, "एवढं मोठं मन पाह्यलं नाही महाराज." श्रीहरी पाय मागे घेत होता, लोक आणखी वाकत होते. काला त्यानंच फोडला, त्यानंच वाटला, स्वतः घेतला नाही. लोकांना वाटलं बुवांचा उपास आहे.

गुणवंतरावानं त्याला बाजूला घेतलं. "डोळ्यात पाणी आणलं बुवा. एक बरं केलं, आमच्या वडिलांचं नाव नाही घेतलं. त्या वेळचे लोक म्हणून सोडून दिलं. मोठेपणा आहे तुमचा."

श्रीहरीनं मान हलवली. नाव मुद्दाम टाळलं की सुचलंच नाही, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. गळ्यातला हार तेवढा बोचू लागला.

सोमवारी सकाळी तो बस थांब्यावर आला तेव्हा वारलू आधीच उभा होता, हातात पिशवी, गळ्याला मफलर. वारलूला चामोर्शीहून पुढे मुलचेऱ्याला जायचं होतं, श्रीहरीला चामोर्शीला गाडी बदलून चंद्रपूरला. दोघं शेजारी उभे राहिले. नदीकडून गार वारा येत होता.

"ऐकू आलं," वारलूच म्हणाला. "भोंग्याचं तोंड आमच्याच मोहल्ल्याकडे आहे."

"मग?"

"मग काय. खरं बोलला. मी म्हटलं होतं ना, घेते तर खरं घे." त्यानं मफलर नीट केला. "मधी वाजवून नसतं घेतलं तर चाललं असतं."

"मी नव्हतं सांगितलं त्याले वाजवायला."

"थांबवलंही नाई."

श्रीहरीनं आपली पिशवी खाली ठेवली. रस्त्यावरून गुरं गेली. मग त्यानं विचारलं, "बाई काय म्हणाल्या?"

"आई?" वारलूनं रस्त्याच्या वळणाकडे पाहिलं. "आई ओसरीवर बसून ऐकत होती सगळं. झाल्यावर म्हणे, याच्या गळ्यात हार पडला, तुझं नाव दहा डाव घेतलं, देवाजीबुवाचं घेतलं. ज्याचं नाक घासलं त्याचं नाव नाई घेतलं. नुसतं बाप, बाप."

श्रीहरीनं आठवून पाहिलं. तो माणूस त्याला दिसत होता. वाढलेली दाढी, डोक्याचं फडकं मातीत पडलेलं. आठ-नऊ वर्षं तो श्रीहरीच्या घरच्याच बांधावर राबला होता, श्रीहरीला खांद्यावर घेऊन नाला ओलांडला होता एकदा पुरात. त्या वेळी कसा नाही बाटलो, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला आपलीच शिसारी आली. घरात त्या माणसाला हाक कशी मारायचे? ए, म्हणायचे. अरे, म्हणायचे.

"मले आठवून नाई राह्यलं," तो म्हणाला.

"आठवत नाई का मालूमच नव्हतं?"

"मालूमच नव्हतं." हे म्हणायला त्याला मांडवातल्या सगळ्या सांगण्याहून जास्त वेळ लागला. "काय होतं गा नाव?"

वळणावर बस दिसली. वारलूनं पिशवी खांद्याला लावली. "आईले विचार. घरीच आहे," तो म्हणाला, आणि बस थांबल्यावर चढून गेला. कंडक्टरनं विचारलं, "येता का जी?" श्रीहरीनं नाही म्हणून हात केला.

सुगंधाबाई अंगण झाडत होती. त्याला पाहून ती थांबली नाही, त्याच्या पायांपर्यंत झाडत आली आणि म्हणाली, "सरक." तो सरकला.

"बाई, वारलूच्या वडिलांचं नाव काय होतं?"

आता तिनं झाडू थांबवला. "मले विचारते?"

"वारलू म्हणे, आईले विचार."

ती हसली, दात नसलेलं हसू. "वात्रट आहे माझा पोरगा. मास्तर झाला तरी वात्रट. अरे बापू, मी कशी घेऊ त्याचं नाव? नवऱ्याचं नाव घेते का बाई तोंडानं? छप्पन साली देव सोडले, उपास सोडले, गावाची कामं सोडली. एवढं मातर नाई सुटलं. नात म्हणते, आजी, घे ना एक डाव. जिभेवर येते आन परत जाते."

"मग?"

"मग काय. मोहल्ल्यात विचार. जुनी दहा-बारा घरं आहेत. सगळ्यांइले मालूम आहे."

एवढं बोलून ती पुन्हा झाडू लागली. श्रीहरीनं गल्लीकडे पाहिलं. कुठं धूर निघत होता, कुठं दात घासत उभे असलेले लोक होते, शाळेला निघालेल्या पोरी होत्या. चामोर्शीची दुसरी बस अकराला होती. तो पहिल्या घरापाशी गेला. दाराशी एक मध्यमवयीन बाई राखेनं भांडी घासत होती.

"बाई, वारलू गुरुजींच्या वडिलांचं नाव काय होतं?"

"काऊन जी?" तिनं वर पाहिलं. "तुमी कालचे महाराज ना? भोंग्यातले? बसा ना, खुर्ची आनते. ओ शकुबाई, महाराज आले पहा." पलीकडच्या दारातून एक म्हातारी बाहेर आली आणि तिच्यामागून दोन माणसं.

"खुर्ची नको," श्रीहरी म्हणाला. मांडवात असता तर इथं त्यानं डोळे मिटले असते, क्षणभर थांबला असता. त्यानं डोळे मिटले नाहीत. "मी श्रावणचा पोरगा. वारलूनं मडक्यात हात घातला तेव्हा मी ओरडलो. म्हणून त्यांना नाक घासायला लावलं. आमच्या बांधावर ते एवढी वर्षं राबले, पन मले त्यांचं नाव मालूम नाई."

भांडी घासणारी बाई शकुबाईकडे पाहू लागली. शकुबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तिला घाई नव्हती.

"मले मालूम आहे," ती म्हणाली. "पन मी काऊन सांगू तुमाले? पुढच्या घरी विचारा."

श्रीहरीनं पिशवी उचलली आणि तो पुढच्या घराकडे निघाला.